‘डॉक्टर’मधला ‘अ’

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेपासून इंग्रजी वाचले-लिहिले, व्याकरण पक्के आहे, कामानिमित्त परदेशी सहकाऱ्यांशी रोज बोलणे होते. तरीही ते सारखे ‘पुन्हा सांगता का?’ म्हणतात, आणि त्यांचे बोलणे गिळल्यासारखे ऐकू येते. एका बैठकीत ‘मी सोमवारी येऊ शकतो’ या अर्थाने ‘आय कॅन जॉइन ऑन मंडे’ म्हटले, तर समोरच्याने ‘येऊ शकत नाही’ असे टिपून घेतले. उच्चार सुधारायला घेतल्यावर जिकडे-तिकडे ‘सिलॅबल’ आणि ‘श्वा’ हे दोन शब्द भेटू लागले. डिक्शनरीत उलटा ई दिसतो. तो म्हणायचा कसा, कुठे येतो हे ओळखायचे कसे, आणि त्याचा एवढा बाऊ कशासाठी?

मराठी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी उच्चार शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली. त्या अनुभवावर सांगतो: श्वा हा स्वर तुम्हाला शिकायचाच नाहीये. तो आपला ‘अ’ आहे. ‘घर’ म्हणताना घ नंतर जो येतो तो, आणि जवळजवळ तसाच. जीभ कुठे ठेवायची, ओठ किती उघडायचे, याच्या कसरती जपानी किंवा स्पॅनिश माणसाला कराव्या लागतात. आपल्याला नाही. आपली अडचण वेगळी आहे. तो स्वर केव्हा वापरायचा हे आपल्याला इंग्रजीचे स्पेलिंग सांगत नाही, आणि आपण स्पेलिंगवर विसंबतो.

पण एक गंमत बघा. मराठीत रुळलेले हे शब्द एकापाठोपाठ एक म्हणा: डॉक्टर, नंबर, डॉलर, सर्कस, फेमस, कॅप्टन, स्टेशन. प्रत्येकाच्या दुसऱ्या भागात आपण साधा ‘अ’ लिहितो आणि म्हणतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र त्या जागी अनुक्रमे ओ, ई, ए, यू, ओ-यू, ए-आय आणि आय-ओ आहे. सात शब्द, सात स्पेलिंगे, स्वर एकच. हाच श्वा. ‘डॉक्टर’ला कुणी ‘डॉक्टॉर’ म्हणत नाही आणि ‘फेमस’ला ‘फेमाउस’ म्हणत नाही, कारण हे शब्द मराठीत कानावाटे आले. ज्याने पहिल्यांदा ते देवनागरीत लिहिले त्याने जे ऐकले ते लिहिले.

आता दुसरी यादी: पेट्रोल, प्रोफेसर, प्रॉब्लेम, मॅनेजमेंट, ॲडमिशन, कम्फर्टेबल. हे डोळ्यावाटे आले. कुणीतरी स्पेलिंग वाचले आणि प्रत्येक स्वराक्षराला त्याचा पूर्ण मान दिला. इंग्रज माणूस पे-ट्रल् म्हणतो, प्र-फे-सर् म्हणतो, प्रॉब्-लम् म्हणतो. मी शिकवताना कानाचे शब्द आणि डोळ्याचे शब्द अशा दोन टोपल्या करतो, आणि बहुतेकांना पहिल्याच दिवशी लक्षात येते की आपला कान अजिबात वाईट नाही. डोळ्याने त्याला गप्प बसवले आहे.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची एक रीत ठरवून घेऊ. मी शब्द तोडून दाखवेन तेव्हा पाय मोडलेल्या अक्षरात स्वर नाही असे समजा. उघड्या अक्षरात अ आहेच, मग ते शेवटी का असेना. ही रीत मुद्दाम सांगावी लागते, कारण मराठीत आपण शेवटचा अ गिळतो. ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. म्हणून ‘बनाना’ या इंग्रजी शब्दाचा खरा उच्चार ब-ना-न असा लिहिला तर मराठी माणूस तो ‘बनान्’ वाचणार. आपल्या जुन्या लोकांनी यावर आपोआप तोड काढली: शब्दाच्या शेवटी श्वा आला की तो ‘आ’ करून लिहायचा. कॅमेरा, सिनेमा, सोडा, कॉलरा, कॅनडा. या सगळ्यांच्या शेवटी इंग्रजीत आखूड ‘अ’ आहे. लिपीच्या सोयीसाठी आपण त्याचा ‘आ’ केला, आणि मग लिहिले तसे लांबवून म्हणू लागलो.

आता सिलॅबल. भाषाशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यालाच ‘अक्षर’ म्हणतात, पण त्या शब्दाने घोटाळा होतो, कारण आपल्याला अक्षर म्हटले की कागदावरचे दिसते. सिलॅबल कागदावर नसतो, तोंडात असतो. एक स्वर आणि त्याला मागून-पुढून चिकटलेली व्यंजने मिळून एका झटक्यात जे बाहेर पडते ते सिलॅबल. जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. लिहिलेले स्वर मोजायचे नाहीत. ‘हरकत’ हा शब्द घ्या. लिहिताना चार अक्षरे, बोलताना हर्-कत्, दोन. ‘मदत’ लिहिताना तीन, बोलताना म-दत्, दोन. म्हणजे लिहिलेले आणि बोललेले यांचा हिशेब वेगळा असतो ही गोष्ट आपल्याला घरचीच आहे. इंग्रजीत तो फरक जास्त आहे, एवढेच. ‘स्ट्रेंग्थ्स’ हा भला मोठा शब्द एकच सिलॅबल आहे, कारण त्यात स्वर एकच. उलट ‘रिदम’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही, तरी सिलॅबल दोन: रि-दम्. त्यातला दुसरा स्वर श्वा आहे आणि त्याच्यासाठी स्पेलिंगमध्ये काहीच लिहिलेले नाही.

मोजायची पद्धत साधी आहे. हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली टेकते तितके सिलॅबल. श्वा असेल तिथे ती जेमतेम हलते, म्हणून सुरुवातीला फसायला होते. पण चार-आठ दिवसांत हात सरावतो. टाळ्या वाजवून मोजायला सांगतात तेही चालते. माझा मात्र टाळ्यांवर फारसा विश्वास नाही. माणूस टाळ्यांच्या नादात सगळे सिलॅबल सारख्या वजनाचे करतो, आणि नेमके तेच आपल्याला मोडायचे असते.

आपण सिलॅबल वाढवतो अशी एक जागा इथेच उरकून घेतो. भूतकाळाच्या ‘-एड’ने नवा सिलॅबल फक्त ट किंवा ड नंतर तयार होतो. ‘वॉन्टेड’ दोन, ‘नीडेड’ दोन. बाकी सगळीकडे ती नुसती ट् किंवा ड् असते: ‘वॉक्ट्’ एक, ‘आस्क्ट्’ एक, ‘कॉल्ड्’ एक. ‘वॉक-एड’ म्हटले की ऐकणाऱ्याला शब्दच वेगळा वाटतो. तसेच अनेकवचनाचे: स, झ, श, च, ज यांच्यासारख्या आवाजांनंतरच सिलॅबल वाढतो, ‘बॉक्सिझ्’ दोन, ‘बुक्स्’ एकच.

आता मुख्य गोष्टीकडे. इंग्रजीत प्रत्येक शब्दातला एक सिलॅबल राजा असतो. त्यावर जोर असतो, म्हणजे तो लांब होतो, त्याचा सूर चढतो, आवाज थोडा मोठा होतो, आणि त्यातला स्वर शुद्ध, पूर्ण उच्चारला जातो. बाकीच्यांनी त्याला वाट करून द्यायची. वाट करून देताना त्यांचे स्वर आक्रसतात, रंग उडतो, आणि ओ असो, ए असो, ई असो, सगळे तोंडाच्या मध्यावर येऊन एकाच बिनचेहऱ्याच्या आवाजात विरतात. त्या आवाजाला श्वा म्हणतात. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. म्हणून मी म्हणतो की श्वा हा कारण नव्हे, परिणाम आहे. जोर बरोबर पडला की श्वा आपोआप होतो. जोर न बदलता नुसता श्वा घालायला गेलात तर बोलणे पुटपुटल्यासारखे होते. श्वाचे व्हिडिओ पाहून आलेल्या विद्यार्थ्यांत मला हा दोष हमखास सापडतो. आधी सगळे स्वर ठणठणीत होते, आता सगळेच मिणमिणते.

पुरावा पुन्हा आपल्याच लिखाणात आहे. ‘कॉलेज’, ‘कॉलनी’ आणि ‘कलेक्टर’. तिन्हींचे स्पेलिंग सी-ओ-एल ने सुरू होते. पहिल्या दोघांत आपण ‘कॉ’ लिहितो आणि तिसऱ्यात ‘क’. का? कारण पहिल्या दोघांत जोर पहिल्या सिलॅबलवर आहे, ‘कलेक्टर’मध्ये दुसऱ्यावर, क-लेक्-टर्. पहिल्याचा जोर गेला, ओ चा अ झाला, आणि मराठी माणसाने तो अचूक टिपला. ‘कॉलनी’ तर एकाच शब्दात दोन्ही दाखवते: पहिला ओ जोराचा म्हणून ‘कॉ’, दुसरा ओ बिनजोराचा म्हणून नुसता ‘ल’. तसेच ‘कॉमन’, ‘कॉमर्स’ एका बाजूला. ‘कमिशनर’, ‘कमिटी’ दुसऱ्या बाजूला. ए ने सुरू होणारे शब्द बघा. ‘ॲक्टर’, ‘ॲसिड’, ‘ॲक्शन’ यांत पहिल्यावर जोर, म्हणून ॲ. ‘अकाउंट’, ‘अलार्म’, ‘अटॅक’, ‘अपील’ यांत दुसऱ्यावर जोर, म्हणून अ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एकच अक्षर आहे. फरक फक्त आपण लिहिला. देवनागरीत लिहिलेले कानाचे शब्द म्हणजे इंग्रजी जोराचा जुना नकाशाच आहे, आणि तो आपण कधी उघडून पाहत नाही.

जोर हलला की श्वा कसा हलतो, हे एका कुटुंबात बघा. फो-ट-ग्राफ्: जोर पहिल्यावर, मधला ओ विरला. फ-टॉ-ग्र-फर्: जोर दुसऱ्यावर गेला, तर मघाशी विरलेला ओ जिवंत होऊन टॉ झाला, आणि पहिला जो फो होता त्याचा फ झाला. ग्राफ् चा ग्र झाला. फो-ट-ग्रॅ-फिक्: जोर तिसऱ्यावर, पुन्हा ट विरला. आपण हे तिन्ही शब्द ‘फोटोग्रा’ या एकाच ठोकळ्याला शेपट्या जोडून म्हणतो. इंग्रजी ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो ठोकळा नाहीच. त्याच्या डोक्यात ‘फ-टॉ’ अशी आकृती आहे आणि ती जुळली नाही की तो अडतो.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही, फजितीने शिकवले. शिकवायला लागून पाच-सहा वर्षे झाली होती आणि आपले उच्चार उत्तम आहेत अशी माझी समजूत होती. एकदा फोनवर ‘डेव्हलपर’ हा शब्द मी तीनदा म्हटला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने आणि अधिक स्पष्ट, आणि तिन्ही वेळा पलीकडचा माणूस ‘सॉरी?’ म्हणाला. शेवटी स्पेलिंग सांगितले. तेव्हा तो म्हणाला, ‘ओह, डि-व्हे-ल-पर्!’ माझी ध्वनी म्हणून चूक जवळपास काहीच नव्हती. जोर मी पहिल्यावर टाकत होतो, तो दुसऱ्यावर हवा होता. आणि मी जितका जोर लावून स्पष्ट बोलायला जात होतो तितका चुकीच्याच जागी जास्त लावत होतो.

वृत्ते शिकलेल्यांसाठी एक सोय सांगतो. जोराचा सिलॅबल गुरू माना आणि श्वाचा लघू. मग ब-ना-न हा लघू-गुरू-लघू, म्हणजे ज गण, जभान. प्र-फे-सर् तोच, क-लेक्-टर् तोच. (आपल्या नियमाने सर् आणि टर् गुरू ठरतील, इथे वजन जोराने ठरते, बांधणीने नाही, एवढे सांभाळा.) ‘कॅनडा’ म्हणजे कॅ-न-ड, गुरू-लघू-लघू, भ गण, भानस. ‘इंजिनीअर’चा जोर शेवटी आहे, त्यामुळे तो स गणाच्या चालीवर जातो, सलगं. आता मजा अशी, की इंग्रजीत न गणाचा शब्द असू शकत नाही, कारण राजाशिवाय शब्द नाही. आणि म गणाचा म्हणजे तिन्ही गुरू असा शब्द सापडणे कठीण, कारण तीन राजे नांदत नाहीत. आणि आपण? ‘प्रो-फे-सर’, ‘टो-मॅ-टो’. आपण बहुतेक सगळे इंग्रजी म गणात म्हणतो! मातारा, मातारा, मातारा. पलीकडच्याला त्यातला कुठला धरायचा ते कळत नाही.

जोर कुठे आहे हे कसे कळणार? खरे सांगायचे तर पूर्ण नियम नाहीत, डिक्शनरी उघडावी लागते. पण काही शेपट्या भरवशाच्या आहेत. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’, ‘-इकल’ या शेपट्या जोर आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर ओढतात. इ-कॉ-न-मी, पण ई-क-नॉ-मिक्. ‘एबल’ म्हणताना जोर पहिल्यावर, पण अ-बि-ल-टी मध्ये तो सरकतो आणि सुरुवातीचा ए विरतो. ‘पॉलिटिक्स’सारखे थोडे अपवाद आहेत, ते पाठ करा. ‘-ईअर’ आणि ‘-ई’ शेपट्या जोर स्वतःकडे घेतात: इंजिनीअर, व्हॉलंटिअर, एम्प्लॉयी. उलट ‘-मेंट’, ‘-नेस’, ‘-ली’, ‘-इंग’, ‘-अर’ या शेपट्या गरीब आहेत, जोर असतो तिथेच राहू देतात, आणि नामातला ‘-मेंट’ हा कायम मन्ट् असतो. डि-व्हे-लप्-मन्ट्.

काही शब्द नाम असताना पहिल्यावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर जोर घेतात. करार म्हणून कॉन्-ट्रॅक्ट्, आक्रसणे म्हणून कन्-ट्रॅक्ट्. वस्तू म्हणून ऑब्-जिक्ट्, हरकत घेणे म्हणून अब्-जेक्ट्. भेट म्हणून प्रे-झन्ट्, सादर करणे म्हणून प्रि-झेन्ट्. या जोड्यांचा सराव मी सगळ्यांना करायला लावतो. रोज लागणारे शब्द आहेत म्हणून नव्हे. एकाच स्पेलिंगमधून स्वर कसा जातो आणि येतो, हे इथे हातात धरून बघता येते म्हणून.

डिक्शनरीत बघताना बहुतेक जण पहिल्यांदा स्वरांच्या चिन्हांकडे बघतात. तसे करू नका. आधी वर मारलेली बारीक उभी रेघ शोधा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत तिच्या लगेच पुढचा सिलॅबल जोराचा. लांब शब्दात खाली आणखी एक रेघ दिसेल, तो दुय्यम जोर. मग सिलॅबल मोजा. आणि मग बघा उलटा ई कुठे कुठे आहे. पुष्कळदा असे दिसेल की स्पेलिंगमधला अख्खा सिलॅबलच गायब आहे. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द सर्रास तीन सिलॅबलचा म्हणतात, कम्फ्-ट-बल्. त्यात ‘टेबल’ कुठेही नाही. ‘व्हेजिटेबल’ व्हेज्-ट-बल्. ‘चॉकलेट’ चॉक्-लट्, ‘डिफरन्ट’ डिफ्-रन्ट्. दुबळा होत होत शेवटी श्वा नाहीसा होतो, ही त्याची पुढची पायरी.

यात नवल नाही, आपल्याकडेही तेच झाले. संस्कृतात ‘नाम’ हा दोन सिलॅबलचा, ना-म. मराठीत नाम्, एक. आणि इंग्रजीतला ‘नेम’ हा त्याचाच दूरचा भाऊ. चौदाव्या शतकात तोही जवळजवळ ना-म असाच म्हटला जाई; त्या काळच्या कवितेत शेवटचा ई मोजला नाही तर ओळ छंदात बसत नाही. नंतर तो श्वा गळाला आणि स्पेलिंगमध्ये मुका ई तेवढा उरला. शाळेत ज्याला ‘सायलेंट ई’ म्हणून पाठ केले, त्यातले पुष्कळसे असे मेलेले श्वा आहेत. ‘श्वा’ हे नावही हिब्रूतून जर्मन व्याकरणकारांमार्फत आले. हिब्रूत ते अक्षराखाली एकाखाली एक दिलेल्या दोन टिंबांचे नाव आहे, आणि ते चिन्ह कधी आखूड स्वर दाखवते, कधी स्वर नाहीच असे सांगते. आपला अ आणि आपला पाय मोडणे, दोन्ही कामे एकाच खुणेने.

श्वाच्या नादात एक चूक होते ती सांगून ठेवतो. बिनजोराचा प्रत्येक स्वर श्वा होत नाही. ‘-इक’, ‘-इंग’, ‘-इश’ मधला इ आखूड इ च राहतो. ‘हॅपी’चा शेवटचा ई राहतो, ‘फोटो’ आणि ‘हीरो’चा शेवटचा ओ राहतो. ‘ऑफिस’मध्ये इ आहे. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन बोलण्यात यातले काही इ श्वाकडे झुकतात, त्याची चिंता करू नका. आणि ‘कप’, ‘बस’ यांतला जोराचा अ तांत्रिकदृष्ट्या वेगळा स्वर मानतात. मराठी कानाला तो फरक फारसा जाणवत नाही, काही अमेरिकन डिक्शनऱ्या तर दोन्हींना एकच चिन्ह देतात. मी त्यावर वेळ घालवत नाही. शेवटच्या र चेही तसेच. ब्रिटिश बोलण्यात ‘डॉक्टर’चा र ऐकू येत नाही, अमेरिकन बोलण्यात तो श्वात मुरलेला असतो. तुम्ही हलका र ठेवलात तर कुणाचे काही अडत नाही.

इथपर्यंत एकेका शब्दाचे झाले. पण तुम्हाला त्यांचे बोलणे ‘गिळल्यासारखे’ वाटते त्याचे मूळ वाक्यात आहे. शब्दांमध्येही राजे आणि प्रजा असते. नाम, क्रियापद, विशेषण हे जोर घेतात. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘अँड’, ‘वॉज’, ‘हॅव’, ‘देम’, ‘कॅन’, ‘द’, ‘अ’ हे चिल्लर शब्द अंग चोरून बसतात, आणि त्यांचे स्वर श्वा होतात. टू चा ट, फॉर चा फ, फ्रॉम चा फ्रम्, वॉज चा वझ्, अँड चा अन् किंवा नुसता न्. ‘टेन टू टू’, म्हणजे दोनला दहा कमी, हे टेन्-ट-टू असे ऐकू येते. मधला टू आणि शेवटचा टू सारखेच म्हटले तर घड्याळाची वेळ राहत नाही, तीन आकडे होतात. ‘शुड हॅव’ बोलताना शुड्-अव्ह् होते आणि ते ‘शुड ऑफ’च्या आखूड रूपासारखेच ऐकू येते, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेसुद्धा लिहिताना तिथे ‘ऑफ’ लिहून बसतात.

हे करून बघा. ‘किड्स ड्रॉ मॅप्स’ तीन ठोक्यांत म्हणा, टेबलावर बोट आपटून. आता ठोके तेवढेच ठेवून ‘द किड्स विल ड्रॉ सम मॅप्स’. मग ‘द किड्स कुड हॅव बीन ड्रॉइंग सम मॅप्स’. सिलॅबल तीन, मग सहा, मग नऊ, ठोके तीनच. ठोक्यांच्या मध्ये जे वाढले ते दाटीवाटीने बसवावे लागते, आणि दाटी झाली की स्वर चेपतात. १९४५ साली केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने अशा भाषांना आणि आपल्यासारख्या, प्रत्येक सिलॅबलला साधारण सारखा वेळ देणाऱ्या भाषांना वेगवेगळी नावे दिली. पुढे यंत्राने मोजले तेव्हा ठोक्यांमधले अंतर अगदी सारखे काही निघाले नाही. तरी शिकणाऱ्याला ही कल्पना उपयोगी पडते, म्हणून मी ती सोडलेली नाही.

सरावाला मी एकच गोष्ट सांगतो, आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. श्वाकडे बघूच नका. जोराचा सिलॅबल लांबवा, लाज वाटेल इतका लांबवा. ब-नाऽऽ-न. क-लेऽऽक्-टर्. बाकीचे पडू द्या जसे पडतील तसे. जोराच्या ठिकाणी पुरेसा वेळ दिला की उरलेल्यांना वेळच राहत नाही आणि ते आपोआप अ होतात. रोज वापरता असे तीस शब्द काढा. तुमच्या कामाचे, डिक्शनरीतल्या यादीतले नकोत. ते देवनागरीत तोडून लिहा, जोराच्या सिलॅबलला गोल करा, आणि फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐका. महिन्याभरात ऐकण्यातही फरक पडतो. जो उच्चार आपल्या तोंडात नाही तो कानाला सापडत नाही. तोंडात आला की त्यांचे ‘गिळलेले’ शब्द सुटे होऊ लागतात.

आपले भारतीय इंग्रजी सोडून द्यावे असे माझे म्हणणे नाही. ते जुने आणि नीट बसलेले रूप आहे, त्याची लय वेगळी आहे, आणि आपापसात त्याने काही अडत नाही. परक्या माणसाशी बोलताना चिल्लर शब्दांचे सगळे श्वा पाळले नाहीत तरीही निभते. शब्दातला जोर चुकला की मात्र निभत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर आधी शब्द, वाक्य नंतर.

एक चिल्लर शब्द याला अपवाद आहे, आणि तुमचा घोटाळा त्यानेच केला. ‘कॅन’. होकारी वाक्यात तो कन् होतो, जवळजवळ क्न्, आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: आय कन् जॉइन्. नकारी ‘कान्ट’ किंवा अमेरिकन ‘कॅन्ट’ मात्र कधी दुबळा होत नाही, त्याचा स्वर पूर्ण राहतो, आणि शेवटचा ट अमेरिकन बोलण्यात बहुधा घशातच अडतो. म्हणजे ऐकणारा ट शोधतच नाही. तो स्वर बघतो: अ ऐकू आला तर हो, ॲ ऐकू आला तर नाही. तुम्ही ठसठशीत ‘आय कॅन जॉइन’ म्हणालात, त्याने ॲ ऐकला आणि ‘नाही’ टिपले. पुढच्या वेळी ‘जॉइन’वर वजन टाका आणि कॅनला जाऊ द्या. प्रश्नाला थोडक्यात उत्तर देताना, ‘येस, आय कॅन’ म्हणताना, तोच ‘कॅन’ वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून तिथे तो पूर्ण म्हणायचा. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’मधला शेवटचा फ्रॉम पूर्ण म्हणतात तसा. आणि बैठक महत्त्वाची असेल तर सरळ ‘आय विल बी देअर ऑन मंडे’ म्हणा. मी स्वतः अजून तसेच करतो.